हेल्मेटवरची निळी चकती

अमरदीप गजभियेचं अक्षर चांगलं होतं, आणि जे झालं ते त्यातूनच झालं.

खुर्सीपारच्या कामगार वस्तीत कुणाला अर्ज भरायचा असला की लोक त्याच्या दारात यायचे. रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं आहे, बँकेनं पुन्हा कागद मागितले आहेत, गेटपासची मुदत संपली आहे, जातीचा दाखला अडकला आहे. ड्यूटीवरून आला की तो हातपाय धुऊन पायरीवर बसायचा, मांडीवर जुन्या रजिस्टरचा पुठ्ठा ठेवायचा आणि लिहायला लागायचा. त्याबद्दल तो काही घेत नसे. लोक त्याला ‘गजभियेजी’ म्हणत, एवढं त्याला पुरे होतं. कंपनीत त्याला तसं कुणी म्हणत नसे.

वीस वर्षांच्या लिहिण्यात त्याला एक गोष्ट कळली होती. अर्जात खरं लिहायचं नसतं, बरोबर लिहायचं असतं. आधारकार्डावर नाव चुकलेलं असेल तर अर्जातही ते तसंच चुकवायचं. जन्मतारीख आईला आठवते ती घालायची नाही, शाळेत मास्तरांनी ठोकून दिलेली घालायची. कागद कागदाशी जुळला पाहिजे. माणसाशी नाही जुळला तरी कुणी विचारत नाही. आणि बहुतेक अर्जांच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: अर्ज दुसऱ्याने भरला असल्यास त्याचे नाव. त्या ओळीवर तो एक आडवी रेघ ओढायचा. उगाच आपलं नाव कशाला.

त्याचे वडील गुलाबराव भंडाऱ्याकडून इकडे आले ते पोलादाच्या कारखान्यात लागायला. चौतीस वर्षं कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्ट्यांवर, काढून ते रिटायर झाले, सेक्टरमधलं क्वार्टर सोडलं आणि खुर्सीपारमध्ये तीन खोल्या बांधल्या. अमरदीपनं आयटीआय केलं, पण पर्मनंट व्हायचे दिवस तोवर संपले होते. तो औद्योगिक वसाहतीतल्या एका खाजगी कंपनीत लागला. कंपनी लोखंडाचे ढाचे बनवायची. उंच जुनी शेड, वर सिमेंटचे पत्रे, खाली वेल्डिंगचा धूर. आता तो चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि अजून ठेक्यावरच होता. त्याला धरून टोळीत नऊ माणसं, आणि वर सुपरवायझर भूषण. भूषण वयानं लहान, वैशाली नगरात राहणारा, बोलायला गोड.

एका सकाळी चहाच्या सुट्टीत भूषण नऊ प्रपत्रं घेऊन आला. रायपूरच्या कुठल्याशा एजन्सीला कंपनीनं काम दिलं होतं. प्रत्येक कामगाराचा स्वभाव तपासायचा, मग ज्याला त्याला त्याच्या स्वभावाचं काम द्यायचं.

“चालीस सवाल हैं,” भूषण म्हणाला. “सही-गलत कुछ नहीं है. जो जैसा है वैसा भरे. और खुद भरना है. झूठा भरा तो गेटपास कैंसल, नीचे लिखा है. आधे घंटे में वापस.”

तो वळला तशी आठही माणसांनी आपापली प्रपत्रं अमरदीपच्या पुढ्यात ठेवली. दरवर्षी गेटपासचे कागद ठेवायचे तशीच. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, अमरदीपलाही नाही.

पण पहिलं पान वाचलं आणि त्याचा पेन थांबला. ‘मुझे नए और जोखिम भरे काम पसंद हैं.’ ‘गलती दिखे तो मैं बड़े अधिकारी को भी टोक देता हूँ.’ ‘सच बोलते समय मैं अपने नुकसान की नहीं सोचता.’ प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकोन, पूर्णतः सहमतपासून पूर्णतः असहमतपर्यंत. यातलं बरोबर उत्तर कुठून उतरवायचं? माणसाचा स्वभाव लिहिलेलं कार्ड कुणाच्याच खिशात नव्हतं.

आधी त्यानं स्वतःचं भरलं. सच बोलते समय, या वाक्याशी तो जरासा थबकला, आणि मग पूर्णतः सहमतवर खूण केली. खोटं करतोय असं त्याला वाटलं नाही. आपल्यात असा एक माणूस आहे, वेळ आली की तो उभा राहील, असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं. फक्त तशी वेळ आली नव्हती.

मग तो वाक्यं मोठ्यानं वाचायला लागला आणि टोळी हसायला लागली.

“मेरा गुस्सा कम लिखना,” केवलराम म्हणाला. “घरवाली को पता चलेगा तो कहेगी, कागज पे तो बड़ा सीधा बनता है.”

“तेरा गुस्सा लिखने को चौकोन कम पड़ेंगे,” अमरदीप म्हणाला.

शेवटचं प्रपत्र हेमराजचं होतं. हेमराज निषाद धमधाकडचा, बारीक अंगाचा, पस्तिशीचा. त्याचं काम खाली उभं राहून दोर धरायचं. वर कुणी चढलं की दोर हेमराजच्या हातात, आणि मग वरच्याला काळजी नसे, कारण हेमराजची नजर हलत नसे. स्वतः मात्र तो शिडीच्या चौथ्या दांड्याच्या वर कधी गेला नव्हता. रस्ता ओलांडताना दोनदा बघायचा. टोळीनं त्याचं नाव ‘बीमा’ ठेवलं होतं. आपल्या नावापुरतीच अक्षरं त्याला येत होती.

“भैया,” तो अमरदीपच्या कानाशी येऊन म्हणाला, “मेरा थोड़ा तगड़ा वाला भर दो ना. नीतू हँसती है मेरे ऊपर. बोलती है छिपकली से डरते हो.”

“डरता नहीं है क्या?”

“डरता हूँ. पर कागज पे थोड़ी डरूँगा.”

अमरदीपला हसू आलं आणि मायाही आली. त्यानं हेमराजला तगडा भरला. जोखीम, पूर्णतः सहमत. ऊँचाई, पूर्णतः सहमत. नियम तोड़कर भी काम पूरा करता हूँ, पूर्णतः सहमत. हे वाचून तर केवलरामच्या नाकातून चहा आला. तळाशी ओळ होती, ‘यह प्रपत्र मैंने स्वयं भरा है.’ त्याखाली हेमराजनं सुटी सुटी अक्षरं काढून सही केली.

महिन्याभरानं निकाल आले. माणसांचे चार रंग झाले होते. लाल म्हणजे धाडसी. पिवळा म्हणजे मिळून मिसळून राहणारा. हिरवा म्हणजे शांत. निळा म्हणजे सत्यनिष्ठ, तत्त्वाचा पक्का. प्रत्येकाला एक छापील पान मिळालं आणि हेल्मेटवर लावायला रुपयाएवढी एक चकती.

अमरदीपची चकती निळी होती.

पायलनं, त्याच्या मुलीनं, ते पान पावर हाउसच्या बाजारात नेऊन लॅमिनेट करून आणलं. ती बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती आणि मोबाइलवर असल्या चाचण्या रोज करायची. ‘आप भीतर से दृढ़ हैं. लोग आप पर आँख मूँदकर भरोसा कर सकते हैं.’ तिनं ते पूर्ण पान आजोबांना वाचून दाखवलं.

“निळा होय ना? मंग बरोबर हाय,” गुलाबराव खाटेवरून म्हणाले. “निळा आपलाच रंग हाय.”

“आबा, वो वाला नीला नहीं है. हे सायकॉलॉजी आहे.”

“तुया बापाले चाळीस सवालात वळखलं म्हंते. मले चव्वेचाळीस वर्सं झाले, मले अजून पत्ता नाई लागला.”

पायल पान लावायला बाबासाहेबांच्या फोटोशेजारी खिळा शोधायला लागली तेव्हा मात्र म्हातारा उठून बसला. “तिथं नको. तिकडं घड्याळाखाली लाव.”

घड्याळाखाली ते पान लागलं. जेवताना अमरदीपची नजर तिकडे जायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला आतून पाहिलं, असं त्याला वाटत होतं. त्या खुणा आपणच केल्या होत्या, हे तो विसरला होता. दुकानदारानं चुकून जास्त परत दिलं तर तो वाटेतून मागे फिरायचा. एकदा बोल्ट कमी आले म्हणून त्यानं स्टोअरवाल्याला सगळ्यांदेखत सांगितलं. तसं तो आधीही सांगत असेल, पण आता सांगताना त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता.

टोळीतले बाकीचेही आपापल्या रंगाला लागले. केवलराम हिरवा निघाला होता. भांडण पेटलं की तो एकदम गप्प व्हायचा आणि म्हणायचा, “हरा हूँ इसलिए छोड़ रहा हूँ, नहीं तो आज तेरा हो जाता.”

हेमराज लाल झाला होता. डबा खाताना तो हेल्मेट चकती समोर येईल असं ठेवायचा. नीतूला त्यानं ते पान दाखवलं तेव्हा ती हसली नाही, हे त्यानं सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं. चालताना त्याचे खांदे जरा वर यायला लागले. एकदा त्यानं रस्ता एकदाच बघून ओलांडला.

मग भूषणनं नवा चार्ट लावला. लाल चकतीवाले वर, हिरवे खाली. केवलरामच्या हातात दोर आला आणि हेमराजला शेडच्या पत्र्यावर पाठवलं.

पहिल्या दिवशी तो खाली उतरला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ते दिवस थंडीचे होते. त्या संध्याकाळी तो अमरदीपच्या दारात आला. पायरीवर दोघं अर्जवाले बसले होते. ते जाईपर्यंत हेमराज भिंतीला टेकून उभा राहिला.

“भैया, मेरा रंग बदलवा दो.”

“कैसे बदलवाऊँ?”

“बोल दो ना कि तुमने भरा था. मजाक में भरा था.”

अमरदीपनं पुठ्ठा बाजूला ठेवला. हेमराज सांगतोय ते रास्त आहे, हे त्याला त्या क्षणी समजलं होतं. पुढे तो कितीही काही म्हणत राहिला तरी ते त्याला समजलं होतं.

“बोलूँगा तो पूछेंगे, और किसका भरा. नौ के नौ का गेटपास जाएगा, हेमराज. केवलराम की तीन लड़कियाँ हैं.”

हेमराजनं मान हलवली.

“दो-चार हफ्ते देख. आदत हो जाएगी. नहीं हुई तो मैं भूषण सर से अकेले में बात करता हूँ.”

“हाँ.” मग हेमराज कसनुसा हसला. “हो सकता है मैं हूँ भी, भैया. कागज को पता होगा.”

अमरदीपनं त्याला चहा दिला. हेमराज तो फुंकून फुंकून प्यायला आणि सायकल काढून गेला. भूषणशी बोलायचं अमरदीपनं सोमवारी ठरवलं. सोमवारी भूषण रजेवर होता. मंगळवारी माल उतरवायचा होता. मग ते राहत गेलं, जशा गोष्टी राहतात.

सतराव्या दिवशी, सकाळी पावणेअकराला, अमरदीप खाली लोखंडी अँगल मोजत होता. वर काहीतरी मोडलं. आवाज फार मोठा नव्हता, चिनी मातीची बशी फुटावी तेवढाच. पत्रा जुना होता आणि पाय ठेवायला आडवी फळी टाकलेली नव्हती. हेमराजनं कमरेचा पट्टा बांधला होता. पट्ट्याचा हुकही होता. तो हुक अडकवायला वर तार नव्हती. सकाळी त्यानं दोनदा विचारलं होतं की हुक कुठे लावू, आणि त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आज सँभल के कर ले, कल तार आ जाएगी.

केवलराम हातातला दोर धरून तसाच उभा होता. वर तारच नसल्यानं दोराच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं.

दवाखान्यात नेईपर्यंत हेमराज गेला होता. शेडमध्ये त्याचं हेल्मेट राहिलं होतं. ते अमरदीपनंच उचललं. तडा गेला होता, पण चकती जशीच्या तशी होती.

तीन आठवड्यांनी नीतू आली. सोबत कुणी नव्हतं. लोक जसे येतात तशी ती पायरीशी येऊन उभी राहिली आणि तिनं पदराखालून एक पाकीट काढलं.

“भैया, ये पढ़ दो. कंपनी ने भेजा है.”

ती चौकशीची पहिली टिपणी होती. अमरदीपनं आधी मनात वाचली. कंपनीचा नियम असा की कामगार आपली चूक नसताना कामावर दगावला तर त्याच्या बायकोला कंपनीत काम मिळतं. स्वतःच्या चुकीनं गेला तर मिळत नाही, फक्त मदतीचा अर्ज करता येतो. टिपणीत लिहिलं होतं की मृतकाच्या स्वभाव चाचणीत तो जोखीम घेणारा आणि नियम मोडून काम करणारा आढळला होता, आणि तसा त्यानं स्वतः लेखी जबाब दिला होता. शेवटचा निष्कर्ष ठरण्याआधी मंगळवारी एका साक्षीदाराला विचारण्यात येईल. साक्षीदाराचं नाव अमरदीप गुलाबराव गजभिये.

त्यानं वाचून दाखवलं. 

नीतूनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “ये कौन से हेमराज का लिखा है?”

त्यानं कागद परत पाकिटात घातला.

“घर में बल्ब मैं लगाती थी भैया. वो स्टूल पकड़ के खड़े रहते थे. बोलते थे, गिर जाएगी, गिर जाएगी.” तिनं पाकीट परत घेतलं आणि घडी घातली. “आप मंगल को इतना ही बोल देना कि वो डरते थे. और कुछ मत बोलना. बस इतना.”

“हाँ,” तो म्हणाला.

“आप पे तो सबको भरोसा है.”

ती गेल्यावर त्यानं एका म्हाताऱ्याचा बँकेचा अर्ज भरला. नाव दोनदा चुकलं.

रविवारी तो विहारात गेला. शीलं म्हणताना तिसऱ्यापर्यंत त्याचा आवाज सगळ्यांच्या आवाजात होता. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे ओठ हलले, पण आवाज त्याचा नव्हता. शेजारी बसलेले गुलाबराव समोर बघत होते. परत येताना रस्त्यात ते सावकाश चालत होते. चालता चालता म्हणाले,

“हेमराजले एवढं लिवता-वाचता येत होतं काय रे?”

“थोडंसं.”

“चाळीस सवाल?”

 रेल्वे फाटकाकडून मालगाडीचा आवाज येत होता. ती जाईपर्यंत दोघं थांबले, जणू तिच्यामुळेच बोलता येत नव्हतं.

“मले नको इचारू काय कराचं थे,” गुलाबराव म्हणाले. “मी बी एक डाव गप रायलो होतो. एका माणसासाठी बोलाचं होतं, नाई बोललो. कोनता माणूस, थे नाई सांगत तुले. अजून जेवतो, झोपतो. त्यानं मरत नाई कोनी. येवढंच सांगतो.”

“मंग?”

“मंग काई नाई. मरत नाई, हेच वाईट हाय त्यात.”

सोमवारी संध्याकाळी अमरदीपनं चंदाला, बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकून तिचे हात थांबले आणि पुन्हा चालायला लागले. “गेटपास गेला तर पायलच्या फीचं काय,” असं ती म्हणेल, असं त्याला वाटत होतं. तिनं तसं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “तुमाले जे खरं वाटते थे करा.” त्यानं मान डोलावली. आपल्याला काय खरं वाटतं हे उद्या त्या खोलीत कळेल, असं त्यानं ठरवलं.

खोली ऑफिसच्या वरच्या मजल्यावर होती. टेबलामागे कंपनीचे मोठे साहेब, एक वकील आणि टायपिंग करणारा एक जण. भूषण बाजूला उभा होता. बाहेरच्या बाकावर नीतू बसली होती. आत जाताना अमरदीपनं तिच्याकडे पाहिलं. तिनं हात जोडले. त्यानं हेल्मेट काखेत धरलं होतं. साहेबांची नजर त्याच्यावर जाण्याआधी हेल्मेटवर गेली.

“ब्लू है?”

“ब्लू, सर,” भूषण म्हणाला. “सबसे भरोसे का आदमी. इसीलिए इसी को बुलाया.”

“बैठो.”

अमरदीप खुर्चीच्या कडेवर बसला. साहेब वाईट माणूस वाटत नव्हते. त्यांनी त्याला पाणी विचारलं. मग विचारलं, हेमराजला वर जबरदस्तीनं पाठवलं होतं का.

“चार्ट के हिसाब से भेजा था, सर.”

“उसने मना किया?”

“आपको नहीं किया.”

“हमको नहीं किया,” साहेबांनी टायपिस्टला सांगितलं. मग त्यांनी फायलीतून एक प्रपत्र काढून टेबलावर सरकवलं. अमरदीपनं आपल्या खुणा ओळखल्या. चौकोनात खूण करताना शेपूट जरा वर ओढायची त्याची सवय होती. चाळीस शेपट्या, आणि खाली हेमराजची सुटी अक्षरं, पहिल्यांदा शाळेत गेलेल्या पोरासारखी.

“ये उसने खुद भरा था?”

अमरदीपनं प्रपत्र सरळ करून पुढ्यात घेतलं.

ही ती वेळ होती. चव्वेचाळीस वर्षं जो माणूस आपल्या आत आहे असं तो समजत होता, घड्याळाखालच्या पानावर ज्याचं वर्णन छापलं होतं, त्यानं आता बोलायचं होतं. अमरदीपनं खरोखर त्याची वाट पाहिली. खोलीतला एसी घरघरत होता. टायपिस्टची बोटं कळांवर टेकून होती. भूषणनं घड्याळ पाहिलं. आतून कुणीही आलं नाही. भीतीसुद्धा फारशी नव्हती. कुणी राहत नसलेल्या घराचं दार लोटून बघावं तसं झालं. आणि वीस वर्षांची सवय तेवढी जागेवर होती. कागद कागदाशी जुळला पाहिजे.

“जी,” तो म्हणाला.

“खुद?”

“खुद.”

साहेबांनी फाईल मिटली. वकिलानं विचारलं की आणखी एखादा साक्षीदार, म्हणजे तो दोर धरणारा, बोलवायचा का. साहेब हलकंसं हसले.

“क्या जरूरत है. ब्लू आदमी ने बोल दिया.”

सही करायला कागद पुढे आला. अमरदीपनं सही केली. चांगली आली.

बाहेर नीतू उठून उभी राहिली. “बोल दिया भैया?”

“हो गया,” तो म्हणाला.

तिनं पुन्हा हात जोडले.

घरी कुणी नव्हतं, फक्त गुलाबराव खाटेवर पडले होते. त्यांनी मुलाकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे कूस बदलली. अमरदीपनं स्टूल घेतलं आणि घड्याळाखालचं पान काढलं. ते फाडायला गेला तर फाटेना. प्लास्टिक वाकायचं आणि सोडलं की पुन्हा सरळ व्हायचं. दोनदा, तीनदा. तेवढ्यात पायल कॉलेजातून आली.

“पप्पा, काऊन काढून राहिले?”

“भिंतीले ओल आली.”

तिनं भिंतीवर हात फिरवून पाहिला. भिंत कोरडी होती.  पान त्यानं कपाटाच्या मागे सरकवून दिलं.

वर्ष सरताना एजन्सीनं चाचणी पुन्हा घेतली. या खेपेला भूषण समोर बसून राहिला आणि प्रत्येकानं आपापलं भरलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना त्यानं वाचून दाखवलं. अमरदीपनं सावकाश भरलं. सच बोलते समय मैं अपने नुकसान की नहीं सोचता: पूर्णतः असहमत. लोग मुझ पर भरोसा कर सकते हैं: पूर्णतः असहमत. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुठल्यातरी कागदावर बरोबर नाही, खरं लिहीत होता.  कुणीतरी हे वाचेल, बोलावून विचारेल, हे काय आहे म्हणून, आणि मग कदाचित बोलता येईल.

आठवड्यानं भूषण चकत्यांचा नवा डबा घेऊन आला आणि सगळ्यांना जुनेच रंग वाटायला लागला.

“सर, नया रिजल्ट?” अमरदीपनं विचारलं.

“अरे, कौन देखता है. आदमी का रंग साल भर में बदलता है क्या?” त्यानं निळी चकती अमरदीपच्या तळहातावर ठेवली. “लगा लो.”

त्यानं ती लावली.

त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी नीतू आली. चौकशीचा निकाल तिच्या विरुद्ध गेला होता. कुणाच्या बोलण्यामुळे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि तिला खरं वाटलं नसेल. तिच्या हातात कंपनीच्या मदतीचा अर्ज होता. ती पायरीवर बसली. ती बरीच वाळली होती, पण केस नीट विंचरलेले होते.

अमरदीपनं पुठ्ठा मांडीवर घेतला. अर्जदाराचं नाव. पतीचं नाव. गाव, तहसील, जिल्हा. तो विचारत गेला, ती सांगत गेली. मग रकाना आला, मृत्यूचं कारण.

“जो सच है वही लिख दो भैया,” ती म्हणाली.

पेन कागदावर टेकलेला होता. शाईचा एक ठिपका उमटला आणि मोठा होत गेला. अर्जासोबत चौकशीचा अहवाल जोडायचा होता. अहवालाशी जुळलं नाही तर अर्ज परत येईल, पुन्हा भरावा लागेल, पुन्हा परत येईल. त्यानं अहवालातलं वाक्य पाहून आपल्या स्वच्छ, गोल अक्षरात उतरवलं: स्वयं की लापरवाही.

“हो गया?”

“हो गया. यहाँ दस्तखत.”

तिनं सही केली. तिची अक्षरं हेमराजपेक्षा बरी होती. मग तिनं तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं.

“यहाँ किसका नाम आता है?”

अमरदीपनं ती ओळ वाचली, जणू पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी. अर्ज दुसऱ्याने भरला असल्यास.

“ये खाली रहता है,” तो म्हणाला आणि त्यावर एक आडवी रेघ ओढली.